जुन्या बाजारातला बीसी-३४८ : एका विमानी रिसीव्हरच्या दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

सकाळी साडेसातला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोचले. नळाच्या तोट्या आणि स्कूटरचे कार्ब्युरेटर यांच्या ढिगामागे एक काळं, सुरकुतलेल्या रंगाचं खोकं आडवं टाकलेलं होतं. कुठल्या तरी कारखान्याचं पॅनल असेल म्हणून पुढे निघाले होते, तेवढ्यात मधोमध डायलची खिडकी दिसली. खालची पट्टी ओल्या बोटाने पुसली : सिग्नल कोअर, यू. एस. आर्मी, रेडिओ रिसीव्हर बीसी-३४८-क्यू. बनवणार वेल्स-गार्डनर, शिकागो.

“ताई, चालतो का ते विचारू नका. ॲल्युमिनियमचं वजन बघा.” सहा हजारांवरून सुरू झालेलं अडतीसशेवर थांबलं. रिक्षात मांडीवर घेऊन आले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७, बी-२४, बी-२५ या बाँबफेकी विमानांत रेडिओ ऑपरेटरच्या टेबलावर हा रिसीव्हर असे. आठ व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरत त्या निर्वात नळ्या), कंप्रतांचे सहा पट्टे. पहिला पट्टा २०० ते ५०० किलोहर्ट्झ, उरलेले पाच मिळून १.५ ते १८ मेगाहर्ट्झ. विमानाच्या २८ व्होल्ट डीसीवर चालायचा. आत बसवलेला डायनामोटर त्या २८ व्होल्टचे २२० करून व्हॉल्व्हना पुरवायचा.

संध्याकाळी खोक्यातून चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, ओढून काढली आणि मन खट्टू झालं. डायनामोटर नाही. त्याच्या जागी २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि दोन इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. समोरच्या पॅनलला उजवीकडे वरच्या बाजूला रुपयाच्या दीडपट व्यासाचं भोक पाडून त्यात मीटर बसवलाय. रात्री जेवतानाही ते भोक डोळ्यांसमोरून जाईना. ऐंशी वर्षं जुनी, इतकी देखणी वस्तू, आणि तिच्या तोंडावर ड्रिल चालवलेलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वीज जोडायची नाही, हा पहिला नियम. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलांना वर्षभर हेच सांगत असते. जुना सेट मिळाला की हात शिवशिवतात, पिन सॉकेटात घालून बघावीशी वाटते. एखादा कागदी कॅपॅसिटर आत शॉर्ट झालेला असतो, आणि पहिल्याच मिनिटात तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. कॅपॅसिटर दहा रुपयांत मिळतो. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

आज फक्त फोटो, प्रत्येक कोपऱ्याचे, मिळून १४०. प्रत्येक वायरला क्रमांकाची चिठ्ठी.

व्हॉल्व्ह काढून पाहिले. बहुतेक धातूच्या काळ्या कवचाचे, त्यांवर लष्करी क्रमांक अजून वाचता येतात. व्हीटी-११७ म्हणजे ६एसके७, व्हीटी-१५० म्हणजे ६एसए७. शेवटच्या आउटपुटच्या जागी काचेचा व्हीटी-१५२, म्हणजे ६के६जीटी हवा, तिथे ६व्ही६ आहे. पिना जुळतात, आवाजही मोठा येतो, म्हणून कुणीतरी बदलला असणार. पण ६के६चा हिटर, म्हणजे आतली तापणारी तार, ०.४ अँपिअर घेतो आणि ६व्ही६चा ०.४५. सगळे हिटर समांतर असताना या फरकाने काही बिघडत नाही. मूळ जोडणीत ते एकापाठोपाठ होते, आणि तिथे फार फरक पडतो. ६के६ शोधायला हवा.

शनिवार, २३ नोव्हेंबर

युद्ध संपल्यावर असे सेट डिस्पोजलच्या लिलावांत किलोवारी निघाले. भारतातल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी हौशी रेडिओवाल्यांचा पहिला चांगला रिसीव्हर या मालातूनच आला. नवा परदेशी सेट घेणं तेव्हा ऐपतीबाहेरचं, आयातीचे परवाने कडक. घरात २८ व्होल्ट कुठून आणायचे? म्हणून डायनामोटर काढायचा, ट्रान्सफॉर्मर घालायचा आणि हिटरच्या साखळ्या तोडून सगळे ६.३ व्होल्टवर समांतर करायचे. जगभर हेच झालं, त्यामुळे हात न लागलेला बीसी-३४८ आज दुर्मीळ आहे. म्हणजे माझ्या सेटवर कुणी वेगळा अत्याचार केला होता असं नाही.

आज खोक्याच्या आतल्या बाजूला, वरच्या पत्र्यावर, चिकटवलेला कागद सापडला. वहीचं आखीव पान, पिवळं पडलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. पेन्सिलने तीन रकाने : तारीख, स्टेशन, डायलवरचा आकडा. अक्षर देवनागरी, बारीक आणि सरळ. ‘सिलोन’, ‘बीबीसी’, ‘मॉस्को’, परत ‘सिलोन’. पहिली तारीख १९५८ची, शेवटची १९७१ची. खाली एक ओळ : ‘पट्टा ३ – नवीन गुंडाळी – १० कि. सा. वर.’

कि. सा., म्हणजे किलोसायकल. तेव्हा हर्ट्झ म्हणत नसत.

मग वायरिंग पुन्हा पाहिलं, या वेळी राग बाजूला ठेवून. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी मेणाच्या दोऱ्याने एकसारख्या गाठी मारून बांधल्यात. प्रत्येक सांध्यावर डाख चमकदार, कथलाचा थेंब कुठेही लोंबलेला नाही. मूळ वायर तोडली आहे तिथे तिचं टोक स्लीव्ह घालून मागे दुमडून ठेवलंय, कापून फेकलेलं नाही. त्या माणसाने परतीची वाट मोकळी ठेवली होती. ती मला दिसायला सात दिवस लागले.

रविवार, १ डिसेंबर

पुन्हा जुना बाजार, ६के६च्या शोधात. तो नाही मिळाला. एकाकडे विमानाचा उंचीमापक होता, काळी तबकडी, आकडे तपकिरी-पिवळे. आठशे रुपये मागत होता. घेतला नाही आणि त्यालाही सांगितलं की काच उघडू नकोस, मुलांच्या हातात देऊ नकोस.

त्या काळच्या तबकड्यांवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. आता ते अंधारात चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की त्यातला दम संपला. संपतो तो रंगातला जस्ताचा क्षार, जो प्रकाश देतो. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, म्हणजे १९४४मध्ये लावलेलं आजही जवळजवळ सगळंच्या सगळं तिथे आहे. काच शाबूत असली तर धोका मर्यादित. रंगाचा भुगा झाला आणि तो श्वासातून किंवा नखांतून पोटात गेला, तर तो हाडांत जाऊन बसतो. युद्धातली उपकरणं जमवणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. मी पाहिलेल्या संग्राहकांपैकी दोघे जण अशा तबकड्या खाटेशेजारच्या कपाटात ठेवतात.

माझ्या रिसीव्हरची डायल आतल्या दोन दिव्यांनी उजळते. तरीही कॉलेजातला किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आणून पॅनलवरून फिरवला. मागच्या भिंतीएवढंच मोजमाप आलं. निश्चिंत.

रविवार, ८ डिसेंबर

दोन दिवस कॅपॅसिटर. तपकीर गल्लीतून ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे फिल्म कॅपॅसिटर आणले होते. जुने तपासायची माझी पद्धत साधी आहे. एक टोक सोडवायचं, २०० व्होल्ट लावायचे आणि मायक्रोअँपिअर मोजायचे. चांगल्या कॅपॅसिटरमधून काहीही जाता कामा नये. यांतले कागदी सगळेच्या सगळे गळके निघाले. त्यांतल्या कागदाने ऐंशी पावसाळे पाणी पिऊन घेतलंय. मायकाचे मात्र एकजात उत्तम, त्यांना हात लावला नाही.

काढलेला प्रत्येक कागदी कॅपॅसिटर त्याच्या क्रमांकासह पाकिटात ठेवला. पुढे कुणाला मूळ वस्तू अभ्यासायची असेल तर ती सेटबरोबरच असली पाहिजे.

चॅसीच्या खालच्या बाजूला सगळ्या भागांवर पिवळट वार्निशचा थर आहे. बुरशीनाशक मिसळलेलं वार्निश. बंगाल, आसाम, ब्रह्मदेश, पॅसिफिकची बेटं अशा दमट हवेत नुसत्या बुरशीने रेडिओ बंद पडत, म्हणून ते फवारायचे. डाख काढताना ते जळतं आणि धूर घशाला लागतो. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, तोंडावर मास्क. सुटी असूनही एका बैठकीत चारच कॅपॅसिटर.

बुधवार, २५ डिसेंबर

स्क्रू. कुणाला कंटाळवाणं वाटेल, पण अर्धी दुरुस्ती स्क्रूंचीच असते.

अमेरिकन सेट, म्हणजे त्यांचे आटे इंचात : ६-३२, म्हणजे सहा नंबरचा व्यास आणि इंचाला ३२ आटे. आपल्याकडे तेव्हा मिळायचे ब्रिटिश बीए आटे. ४ बीएचा स्क्रू जवळपास त्याच जाडीचा, दोन आटे गोड जातो आणि मग अडकतो. जोर केला की ॲल्युमिनियममधला आटा मरतो. पॅनलच्या सहा भोकांत असं झालंय. नवीन साडेतीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रूही हाच घोटाळा करतो. ६-३२चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाला, हाताने एक एक भोक पुन्हा जिवंत केलं. तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. चार भोकं वाचली, दोन गेली. तिथे नटावर भागवलंय.

आणि एक चूक झाली. पॅनल साबणाच्या पाण्याने पुसत होते, तेव्हा एका डागासाठी थिनरचा बोळा फिरवला. ‘अँट. अलाइन’ या कोरीव अक्षरांतला पांढरा रंग निम्मा निघून गेला. काळा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनरला दाद देत नाही. अक्षरांतला पांढरा मात्र नंतर भरलेला असतो, हे माहीत असूनही हात थांबला नाही. पांढरी मेणकांडी कोमट करून अक्षरांत भरली, कापडाने आडवं पुसलं. हातभर अंतरावरून फरक कळत नाही. जवळून कळतो, आणि कुणाला दाखवताना तो मी आधी दाखवणार.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

खडकीचे काका. एका ओळखीच्या हौशी रेडिओवाल्याने नंबर दिला होता. वय ऐंशीच्या पुढे, वायुदलात रेडिओ फिटर होते, साठच्या दशकात काही वर्षं लोहगावला. फोनवर नुसतं ‘डीएम-२८’, म्हणजे या सेटच्या डायनामोटरचं नाव, म्हटलं तर म्हणाले, “ये पोरी, आजच ये. माझ्याकडे दार अडवायला ठेवलाय तो.”

खरंच दाराला लावून ठेवलेला. जाडजूड लोखंडी नळकांडं, दोन्ही टोकांना झाकणं, मधे पट्टी : २८ व्होल्ट आत, २२० व्होल्ट बाहेर, ७० मिलिअँपिअर. कुठल्याशा लिलावात चार आण्यांच्या भंगारासोबत आला होता म्हणाले.

पैसे घ्यायला तयार नव्हते. “दाराला मी वीट लावतो. चालला की मला ऐकवायचं, एवढंच.”

काकांनी उठून लाकडी पेटीतून कागदात गुंडाळलेला ६के६जीटीही काढून दिला. मी मागितला नव्हता. सेटमध्ये आउटपुटला काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

रविवार, १२ जानेवारी

डायनामोटर उघडला. एकाच दांड्यावर दोन गुंडाळ्या आणि दोन टोकांना दोन कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यांवर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी. जाड तारेची गुंडाळी मोटर म्हणून फिरते, बारीक तारेची जनित्र म्हणून व्होल्ट देते. चुंबकक्षेत्र दोघींना एकच. इतकं साधं यंत्र, पण हलवाहलवीत, थंडीत, वीस हजार फुटांवर तासन्‌तास चालणारं.

ग्रीस राळेसारखं घट्ट झालेलं. बेअरिंग रॉकेलमध्ये रात्रभर, मग नवीन ग्रीस, तेही बेताचं. जास्त भरलं तर ते उडून कम्युटेटरवर जातं. कार्बन ब्रश काढताना प्रत्येकावर कुठल्या बाजूचा आणि कुठलं तोंड वर याची खूण केली. ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसलेला असतो, उलटा घातला की ठिणग्या. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ केला. एमरी कधी वापरत नाही, तिचे कण तांब्यात रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता, तो मोडक्या हॅकसॉ ब्लेडच्या टोकाने खाली खरवडला. एका बाजूला एवढंच करायला तीन तास गेले.

मेगरवर, म्हणजे गळती तपासायच्या मीटरवर, उच्चदाबाची गुंडाळी ते अंग : ०.८ मेगओम. फार कमी, म्हणजे आत ओल. मोटर रिवाइंडिंगवाले करतात तेच केलं : पत्र्याच्या डब्यात ६० वॅटचा दिवा, त्यात आर्मेचर (गुंडाळ्यांचा फिरता भाग), झाकण अर्धवट. दोन दिवसांनी १८ मेगओम. चालेल.

डबा तापत असताना काकांशी फोनवर बोलणं झालं, सगळं लिबरेटरबद्दल. हा रिसीव्हर ज्या विमानांत असे त्यांपैकी बी-२४ लिबरेटरचं आपल्याशी नातं फार जवळचं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश वायुदलाकडची, अमेरिकेने लेंड-लीज या युद्धकाळातल्या उसनवारीच्या कराराखाली दिलेली लिबरेटर कानपूरजवळ चकेरीला गोळा केली होती. करार असा की पैसे भरा नाहीतर निकामी करा. म्हणून जाताना त्यांनी ती निकामी केली, इंजिनांत वाळू, ढाच्यांवर बुलडोझर. १९४८मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकेक विमान उभं केलं, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याचं इंजिन घेऊन. त्यांचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती चकेरीहून बंगळूरला उडवत नेत. अशी सुमारे ४० विमानं झाली. भारतीय वायुदलाची ५ क्रमांकाची तुकडी त्यांवरच उभी राहिली, मग ६ क्रमांकाची. काकांच्या डोळ्यांसमोर अजून आहेत ती पुण्याच्या धावपट्टीवरची लिबरेटर, समुद्रावर गस्त घालायला निघणारी. १९६८ला ती निवृत्त झाली. तोवर जगात बाकी बहुतेकांनी लिबरेटर वितळवून भांडी केली होती. म्हणून मग आपल्याकडची संग्रहालयांत गेली. एक दिल्लीत पालमला आहे, एक ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयात, एक ॲरिझोनात टूसॉनला.

माझा सेट लिबरेटरमधलाच, असं म्हणायचा मोह प्रचंड होतो. पुण्यात सापडलाय, त्याच जातीचा आहे. पण युद्धानंतर बंगालमधल्या अमेरिकी तळांवरूनही असे सेट लिलावात निघाले, आणि माझ्या हातात पावती नाही, पाटी नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘लिबरेटर’ हा शब्द लिहिणार नाही. या छंदात खोट्या कुळकथा फार सहज तयार होतात, आणि एकदा लिहिल्या की त्या पुसता येत नाहीत.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर दिवसभर हिटरची जोडणी. समांतर वायरी काढून पुन्हा साखळ्या : चार-चार हिटर एकापाठोपाठ, ६.३ गुणिले चार म्हणजे २५.२, विमानाच्या पुरवठ्याच्या जवळ. ज्या साखळीत ६के६ आहे तिथे त्याला ०.४ अँपिअर हवा आणि बाकी तिघांना ०.३, म्हणून त्या तिघांना समांतर रोधक लावून जादाचा ०.१ बाजूने काढावा लागतो. जुन्या मालकाने दुमडून ठेवलेली मूळ टोकं इथे कामी आली. प्रत्येक टोक जिथे पोचायला हवं तिथे बरोबर पोचत होतं. सात ठिकाणी नवीन वायर घालावीच लागली नाही.

संध्याकाळी फक्त हिटरना वीज. २८ लावायचे होते, पण सवयीने १४वर सुरुवात केली. प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त. धातूच्या व्हॉल्व्हमध्ये लाली दिसत नाही, सगळ्या सेटमध्ये काचेचा एकटा ६के६. तो थंड, काळोखा.

बंद केलं. एकेका हिटरवर मीटर लावला. साखळीच्या मध्यावर समांतर जोडणीतला एक तुकडा अजून चॅसीला जोडलेला होता, सॉकेटच्या खाली लपलेला. खालचे दोन शॉर्ट, वरच्या दोघांवर सगळा भार. १४वर होते म्हणून त्यांना सात-सात व्होल्ट मिळाले. २८ लावले असते तर १४-१४ गेले असते आणि ऐंशी वर्षांचे दोन व्हॉल्व्ह एका श्वासात संपले असते. तुकडा काढला. हात बराच वेळ थरथरत होते, म्हणून आज पुढे काही केलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

डायनामोटर बसवला, २८ व्होल्ट दिले. आधी गुरगुर, मग तीन-चार सेकंदांत चढत जाणारा सूर, आणि तो एका पट्टीत स्थिर. पिठाच्या गिरणीचा पट्टा गती धरतो तसा. उच्चदाब २१६ व्होल्ट. एकूण प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास.

हेडफोनमध्ये खरखर. अँटेनाच्या खुंटीला नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला तर खरखर वाढली. जिवंत आहे.

शेजारच्या आजोबांनी दारातून विचारलं, “पुणे केंद्र लागतं का यावर?” नाही लागत, आणि त्याचं कारण छान आहे. बाहेरून आलेला प्रत्येक सिग्नल हा सेट आधी ९१५ किलोहर्ट्झवर आणतो, मग वाढवतो. ज्या कंप्रतेवर आतलं काम चालतं ती बाहेरून ऐकता येत नाही, सेट स्वतःच्याच आवाजात गोंधळतो. म्हणून ५०० ते १५०० किलोहर्ट्झचा तुकडा वगळलाय. आकाशवाणी पुणे ७९२वर, नेमकं त्या भगदाडात. रेडिओ ऑपरेटरला मध्यम लहरींवरची गाणी नको होती. ९१५ इतका उंच घेतल्याने वरच्या पट्ट्यांत खोटी, आरशातली स्टेशनं कमी येतात, ते त्याला हवं होतं. आजोबांना एवढं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग सिलोन?”

रविवार, ९ फेब्रुवारी

अलाइनमेंट, म्हणजे सगळ्या गुंडाळ्या नेमक्या कंप्रतेला जुळवणं. आधी क्रिस्टल फिल्टरचं शिखर शोधलं, सिग्नल जनरेटर तिथेच ठेवून ९१५च्या सगळ्या गुंडाळ्या त्याला जुळवल्या. मग प्रत्येक पट्ट्याचं वरचं टोक, खालचं टोक, पुन्हा वरचं. पट्टा बदलला की डायलवरचं झाकण सरकतं आणि फक्त त्याच पट्ट्याचे आकडे उघडे राहतात. अंधाऱ्या विमानात चुकीची ओळ वाचली जाऊ नये म्हणून केलेली ही योजना मला या सेटमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पट्टा ३ : ३.५ ते ६ मेगाहर्ट्झ. ऑसिलेटरची, म्हणजे सेटच्या आत कंपनं तयार करणारी, गुंडाळी मूळ नाही. तार लालसर इनॅमलची, बाकी गुंडाळ्यांची हिरवट. मूळ तार तुटली असणार आणि त्या माणसाने त्याच नळीवर हाताने नवीन गुंडाळली, वेढ्याला वेढा चिकटून, टोकं मेणाने बंद करून. परदेशातून मूळ सुटा भाग मागवता येतो, एका संग्राहकाने मला देऊही केला.

जनरेटर लावून मोजलं. पट्ट्याच्या मध्यावर डायल ९ किलोहर्ट्झ वर दाखवते. त्याने लिहिलं होतं १०.

ती गुंडाळी राहणार. तिच्यामुळे हा सेट १९७१पर्यंत ऐकत राहिला. तशी नसती तर भंगारात कधीच गेला असता. परदेशातल्या संग्राहकाला नको म्हणून कळवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

पॅनलवरच्या भोकाचं काय करायचं यावर गेले दोन आठवडे मतं येतायत. एकाने सुचवलं, ॲल्युमिनियम वेल्ड करून घास, सुरकुती रंग भाज, कळणारही नाही. होऊ शकतं तसं. पण रंग भाजायचा तर सगळं पॅनल खरवडावं लागेल, म्हणजे एक भोक लपवायला शिकागोचा सगळा रंग घालवायचा.

एका मिलिमीटरच्या पत्र्याची गोल चकती कापली, काळी केली, मीटरच्याच तीन स्क्रूंवर बसवली. कुणालाही पाच मिनिटांत काढता येईल. मीटर, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि ६व्ही६ एका खोक्यात, वर चिठ्ठी : ‘घरगुती जोडणी, १९५८ ते १९७१, पुणे.’ शहराचं नाव लिहावं की नाही यावर थोडा विचार केला. कागदाच्या कोपऱ्यात बुधवार पेठेतल्या वहीविक्रेत्याचा शिक्का अर्धा दिसतो, म्हणून लिहिलं.

आतला कागद जागेवरच आहे. कडांना फक्त गव्हाच्या पातळ खळीने टिश्यू लावून घेतला, म्हणजे आणखी तुटणार नाही.

रविवार, २ मार्च

घरी नुसता गोंगाट येतो. सोसायटीतले एलईडी, इन्व्हर्टर, चार्जर, सगळ्यांची भुणभुण लघुलहरींवर. म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि तीस मीटर तार घेऊन सासवडजवळ मावशीच्या मळ्यावर गेले. काकांना घेऊन. ते गाडीत डायनामोटरवर हात ठेवून बसले होते.

तार आंब्यावरून विहिरीच्या रहाटापर्यंत. बॅटऱ्या मिळून साडेपंचवीस व्होल्ट, पुरतात. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळ-केंद्राचे टिकटिक ठोके लख्ख. डायल तीन किलोहर्ट्झने चुकते, चालेल. मग ७ मेगाहर्ट्झवर हौशी लोकांच्या गप्पा, दोघे मराठीत द्राक्षाच्या छाटणीवर बोलत होते.

अकरा पंचावन्नला ६६७६ किलोहर्ट्झ. मुंबईचं व्होल्मेट : प्रत्येक तासाला २५व्या आणि ५५व्या मिनिटाला उडत्या विमानांसाठी विमानतळांचं हवामान वाचतात. आजची पद्धत एका बाजूच्या पट्टीची, नुसतं लावलं तर बदकासारखा आवाज. मोर्ससाठीचा सीडब्ल्यू ऑसिलेटर चालू केला, स्विच एमव्हीसीवर, म्हणजे आवाज हाताने सांभाळायच्या जागी, आवाजाचा नॉब बराच खाली, बीटचा नॉब केसभर डावीकडे. आणि शब्द सुटे झाले. मुंबई. वारा, दृश्यमानता, तापमान, दाब.

काकांनी हेडफोन माझ्याकडून काढून घेतला. खिशातून बॉलपेन काढून तळहातावर वाऱ्याची दिशा आणि वेग लिहून घेतला, जसा ऑपरेटर पॅडवर लिहील तसा. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर म्हणाले, “बाळ, उच्चदाबाच्या बाजूचं बेअरिंग ऐकतेस का? सूर फाटतोय.”

खरंच फाटत होता. चाळीस मिनिटांनी ते टोक हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. लगेच बंद केलं. ग्रीस नाही, बेअरिंगच झिजलंय. मंगळवारी बेअरिंगच्या दुकानात माप घेऊन जायचं आहे. त्याआधी त्या टोकाचे ब्रश पुन्हा खूण करून काढायचे.